निशाणी ४१

निकाल शुक्रवारी असेल तर जामीनदाराला सकाळीच सोबत घेऊन जावं, त्याच्या घराच्या कागदांसकट. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. मार्च २०१९ मधल्या एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात मी दोषी ठरलो. माझा मावसभाऊ तेव्हा कोराडीला ड्युटीवर होता आणि त्याच्या घराची आखीव पत्रिका त्याच्या बायकोच्या कपाटात, लॉकरच्या खालच्या खणात. सुटणारच, या भरवशावर मी घरून फक्त डबा घेऊन निघालो होतो.

आधीचं सांगतो. दक्षिण नागपुरातल्या एका छोट्या पतसंस्थेच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक कूलर, एक तिजोरी आणि आम्ही चार माणसं. २०१० साली तिथं जे झालं ते असं. ठेवीदाराची मुदत ठेव असते, पावती त्याच्या घरी ट्रंकेत असते. इकडं ती पावती हरवल्याचा अर्ज तयार करायचा, दुबार पावती काढायची, तिच्यावर ठेव-तारण कर्ज उचलायचं. मुदत संपून माणूस पैसे घ्यायला येईपर्यंत त्याला काही कळत नाही. असे सात ठेवीदार, एकूण अकरा लाख चाळीस हजार. डोकं संस्थेच्या सचिवांचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण व्हाउचरवर तीन सह्या लागतात: लिहिणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. तपासणारा मी.

आणि मी तपासत नव्हतो. संध्याकाळी निघताना दुसऱ्या दिवसासाठी चार-सहा कोऱ्या व्हाउचरवर सह्या करून ठेवायचो, काम अडू नये म्हणून. सगळ्याच शाखांत असं चालतं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो.

२०१२ मध्ये लेखापरीक्षकांनी फिर्याद दिली. मला अटक झाली, सतरा दिवस आत राहिलो, जामिनावर सुटलो. खटला सुरू असताना सचिव वारले, त्यामुळे त्यांच्यापुरता तो संपला. लिपिक निर्दोष सुटला. उरलो मी. कलम ४०८, म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात. ४२०, म्हणजे फसवणूक. आणि ४६८, फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज. प्रत्येकी दोन वर्षं सक्तमजुरी, तिन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या, वर दंड.

न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?" जबाबाचे ठरावीक प्रश्न सोडले, तर सात वर्षांत कोर्टाने मला सरळ विचारलेला हा बहुधा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, "घरी आई आहे." बाकी काही आठवलंच नाही.

तिथून पुढं सगळं भराभर होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच अपील करण्यापुरता जामीन देऊ शकतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, पोटकलम ३. वकिलांनी तिथंच बाकावर बसून हाताने अर्ज लिहिला. दंड भरला. तीस दिवसांसाठी शिक्षा स्थगित झाली, पंधरा हजारांचा जामीन, एक जामीनदार. आणि जामीनदार कोराडीला. तो बिचारा मोटरसायकल हाणत आला तेव्हा सहा वाजून गेले होते, पट्टेवाला दिवे मालवत होता. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार.

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीला लागून मी जन्मभर अजनीला गेलो-आलो. आतून ती भिंत उंच दिसते, एवढंच सांगतो. पहिल्या अटकेत मी कच्चा कैदी होतो, आता शिक्षेचा. फरक कपड्यांचा नाही, तीन दिवसांत कपड्यांपर्यंत कोण येतंय. फरक लोकांच्या प्रश्नाचा होता. तेव्हा विचारायचे, "केस काय हाय?" आता विचारत होते, "किती?"

बराकीत शेजारी एक गोंदियाकडचा माणूस होता. दीड वर्ष झालं होतं, अपील नाही. "वकिलाले पैसे नाही न भाऊ." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कैद्याला तुरुंगातूनच, अधीक्षकांमार्फत, अपील पाठवता येतं. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिथं त्याचं उत्पन्न कुणी बघत नाही. मलाही हे शनिवारी रात्री एका जुन्या कैद्याकडून कळलं. तो इतकी कलमं पाठ म्हणायचा की कोर्टातले अर्धे वकील लाजतील. अपिलाला तीस दिवस. हायकोर्टात करायचं असेल तर साठ. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा. नक्कल आरोपीला फुकट. सोमवारी संध्याकाळी, बराकी बंद व्हायच्या आधी, माझा सुटकेचा आदेश पोहोचला. गोंदियावाल्याचं पुढं काय झालं, माहीत नाही. नाव विचारून घेतलं होतं, ते विसरलो.

निकाल अठ्ठेचाळीस पानांचा, इंग्रजीत. साक्षी मराठीत, निकाल इंग्रजीत. आई म्हणाली, "मले वाचून दाखव काय लिहिलं तुयाबद्दल." मी म्हटलं, मलाच नीट समजत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. समजत होतं, वाचवत नव्हतं.

पहिल्या वकिलांनी अपिलाचा मेमो एका रात्रीत तयार केला. सत्तावीस कारणं. खालच्या कोर्टाने पुरावा नीट पाहिला नाही, खालच्या कोर्टाने कायद्याचा चुकीचा अर्थ लावला, असं करत करत सत्ताविसावं: अपीलकर्त्याला सुनावणीच्या वेळी आणखी मुद्दे मांडू द्यावेत. अकराव्या कारणात माझा उल्लेख "ती" असा होता. दुसऱ्या कुणा बाईच्या अपिलातून उचललेलं. मी सही केली. हो, न वाचता. ते "ती" मला दीड वर्षानं दिसलं.

एप्रिलमध्ये सत्र न्यायालयाने अपील दाखल करून घेतलं, निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित केली, नवा जातमुचलका, नवा जामीन. या वेळी मावसभाऊ सकाळी साडेनऊला आकाशवाणी चौकात उभा, आखीव पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून. इथं एक गोष्ट लोक चुकीची समजतात, मीही समजलो होतो. स्थगित होते ती शिक्षा. दोष नाही. मी घरी होतो, पण कागदावर दोषीच होतो. दोषसिद्धीलाही स्थगिती मागता येते, पण ती क्वचित, अपवाद म्हणूनच मिळते. मी मागितलीच नाही, कारण जायला नोकरीच उरली नव्हती. मी तोवर गांधीबागेत एका कापड दुकानाच्या वह्या लिहू लागलो होतो. शेठला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "चेकबुक मायाजवळ राहीन, तू फक्त लिही." चांगला माणूस.

मग कोरोना आला आणि दोन वर्षं गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२०२१ च्या शेवटी मी वकील बदलले. धंतोलीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी माझी गोष्ट ऐकायला साफ नकार दिला. मी सुरू केलं, "मॅडम, झालं असं की सचिवांनी..." त्यांनी हात वर केला. "ते तुम्ही खालच्या कोर्टात सांगायचं होतं. सांगितलं का?" नव्हतं सांगितलं. आरोपीचा जबाब घेतात, तेव्हाच्या कलम ३१३ चा, त्यात मला चौसष्ट प्रश्न विचारले होते आणि पहिल्या वकिलांच्या सल्ल्याने मी चौसष्ट वेळा "खोटं आहे" किंवा "माहीत नाही" म्हटलं होतं. दहा-बारा मिनिटांत आटोपलं. बाई म्हणाल्या, "अपील म्हणजे परत खटला नाही. तिथं तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. जे लिहून झालं, तेवढंच वाचलं जाणार." मग त्यांनी खालच्या कोर्टाच्या सगळ्या रेकॉर्डच्या नकला मागवल्या, चारशे बारा पानं, झेरॉक्सचा एक संच माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी न्या. तीनदा वाचा. मग या."

मला राग आला. फी मी देतोय आणि वाचू मीच?

वाचलं. उन्हाळ्यात, रात्री, कूलरसमोर पानं उडू नयेत म्हणून वर वरवंटा ठेवून. पहिल्या वाचनात मी फक्त माझं नाव शोधत होतो. दुसऱ्या वाचनात साक्षीदारांवर चिडत होतो. तिसऱ्या वेळी, खरं तर कंटाळून, मी मागच्या निशाण्या, म्हणजे पुराव्यात नंबर देऊन लावलेले कागद, चाळत होतो. निशाणी ४१. पोलिसांनी शाखेतून जप्त केलेलं दप्तर, त्यात हजेरीपट. सरकार पक्षानेच दाखल केलेला, पंचांनी ओळखलेला, आणि नंतर कुणीही न उघडलेला. नोव्हेंबर २०१० च्या पानावर माझ्या नावासमोर तीन घरांत "र". रजा. मुलाला डेंगी झाला होता, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती होता, तो आठवडा. सातपैकी तीन व्हाउचर त्याच तीन तारखांची.

पुढं वाचलं. सीआयडीच्या हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल. चार सह्या माझ्या नमुन्याशी जुळतात. तीन सह्यांबाबत मत देता येत नाही. तीच तीन.

रात्री दोन वाजता मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, "बारा वर्षं हे कागद कुठं होते?" कोर्टातच होते. आरोपपत्राची प्रत तर माझ्याच घरी, पलंगाखालच्या पेटीत होती.

पण तिसऱ्या वाचनात आणखीही एक दिसलं, आणि तेही लिहायला हवं. निशाणी ५७, माझ्या बचत खात्याचा उतारा, बँकेने प्रमाणित केलेला. उरलेल्या चार व्हाउचरपैकी एकातले साठ हजार माझ्या खात्यात जमा झाले होते. सचिवांनी माझ्याकडून हातउसने घेतले होते, ते परत केले असं मी तेव्हा मानलं. नऊ दिवसांनी ते म्हणाले, थोडी अडचण आहे, रोख परत दे. दिले. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. पैसे कुठून आले हे मी त्या नऊ दिवसांत विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं. आणि ३१३ च्या जबाबात याच उताऱ्याबद्दल प्रश्न होता: तुमच्या खात्यात साठ हजार जमा झाले, याबद्दल काय म्हणणं आहे? उत्तर: "खोटं आहे." बँकेच्या शिक्क्यासमोर मी "खोटं आहे" म्हणालो होतो.

बाईंनी दोन्ही पानांना चिठ्ठ्या लावल्या. एक पिवळी, एक गुलाबी. काही बोलल्या नाहीत.

तारखा पडत गेल्या. अपीलकर्ता किंवा वकील गैरहजर म्हणून फौजदारी अपील नुसतं फेटाळून टाकता येत नाही, कोर्टाला कागद पाहून गुणदोषावरच ठरवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बनी सिंग प्रकरणात तसं सांगितलंय. बाईंनी हे सांगून वर म्हटलं, "म्हणून तुम्ही गैरहजर राहायचं असं नाही." मी एकही तारीख चुकवली नाही. शेजारचे काका विचारायचे, "कोर्टात लागला का रे नोकरीले?"

डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदी प्रकरणात माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. नागपुरात तेव्हा पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. आमदारकी गेली, सत्र न्यायालयाने शिक्षा स्थगितीला नकार दिला, मग जानेवारीत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जामीन दिला. टीव्हीवर "स्थगिती" शब्द आला की आई कान टवकारायची. "आपल्यासारखंच नं रे?" मी सांगितलं, त्यांची शिक्षा तीन वर्षांच्या वरची, म्हणून त्याच कोर्टातून सुटायची वाट नव्हती, आपली लहान केस. "लहान कशी," आई म्हणाली, "बारा वर्षं झाली."

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. युक्तिवादाला पंधरा दिवस होते. महालातल्या बुधवार बाजारात मी सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायला वाकलो आणि जुडी पुढं करणारा हात थांबला. मान वर केली तर भाजीवाल्या मावशी. सात ठेवीदारांपैकी एक, पंचेचाळीस हजारांची ठेव. साक्षीत त्यांनी सांगितलं होतं की ठेव जाहिरात पाहून ठेवली, व्यवस्थापक साहेबांशी काही बोलणं झालं नाही. आमच्या अपिलात ते वाक्य सोन्यासारखं होतं. फसवणूक सिद्ध व्हायला सुरुवातीपासून खोटा हेतू लागतो, आणि त्या माणसाने भुलवलं म्हणून समोरच्याने पैसे दिले, असं दिसावं लागतं. मी भुलवलं असं एकाही साक्षीदाराने म्हटलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "साहेब, कोर्टात मी म्हटलं का जाहिरात पाहून ठेवले. पोलिसानं तसंच लिहून ठेवलं होतं. मले वाचताच कुठं येते? तुमी खिडकीवर बसत होते, तुमच्याकडं पाहून ठेवले."

आवाजात राग नव्हता. मी दहाची नोट दिली. त्यांनी सुटे परत दिले, मोजून.

बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही. रेकॉर्डवर जाहिरात आहे. आणि तुम्ही त्या बाजारात परत पाऊल टाकू नका, साक्षीदाराला भेटले म्हणतील."

फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्तिवाद झाला, दोन तारखांना मिळून तासभर. मी मागच्या बाकावर. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "निशाणी ४१ कुठं आहे?" शिरस्तेदारांनी गठ्ठा सोडला, हजेरीपट वर गेला. सरकारी वकील म्हणाले, सह्या आधीच करून ठेवल्या असतील. बाई म्हणाल्या, असतील. पण ते सिद्ध करायचं काम सरकारचं, आणि तज्ज्ञ त्या सह्या त्यांच्या म्हणायलाच तयार नाही. मग मावशींची साक्ष वाचली गेली, जाहिरातीच्या वाक्यासकट. मी खाली फरशीकडे पाहत होतो. ४०८ बद्दल बाई जेमतेम पाच मिनिटं बोलल्या. गुलाबी चिठ्ठीचं पान न्यायाधीशांनी आपणहून काढलं.

एप्रिलमध्ये निकाल. या वेळी मावसभाऊ, आखीव पत्रिका, रोख रक्कम, औषधाच्या गोळ्या, सगळं सोबत होतं. अपील अंशतः मंजूर. ४२० आणि ४६८ मधून निर्दोष. ४०८ चा दोष कायम, साठ हजारांच्या त्या एका व्यवहारापुरता. शिक्षा कमी करून भोगली तेवढी, म्हणजे पहिल्या अटकेचे सतरा आणि नंतरचे ते तीन दिवस. शिवाय ठेवीदारांना एक लाख वीस हजार भरपाई. संस्था अवसायनात, म्हणजे बंद करून हिशेब मिटवायला, निघालेली, तेव्हा सातही घरांत त्या दिवसापर्यंत किती पोहोचलं असेल, याचा हिशेब करणं मला अवघड नव्हतं. केला नाही.

हायकोर्टात पुनरीक्षण अर्जाला, म्हणजे निकाल पुन्हा तपासा असं मागायला, नव्वद दिवस असतात. बाईंनी विचारलं, जायचं का? मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. तीनच महिन्यांत, १ जुलैला, कायदेही बदलले: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, दंड संहितेच्या जागी न्याय संहिता. अपिलाचं कलम ३७४ होतं, ते नागरिक सुरक्षा संहितेत ४१५ झालं. स्थगितीचं ३८९ आता ४३०. आणि फसवणुकीचं ४२० न्याय संहितेत ३१८ मध्ये गेलं. पण नागपुरात कुणी कुणाला "तीनशे अठरा" म्हणून शिवी देईल असं वाटत नाही.

भरपाई भरायला गेलो ती जूनची सकाळ होती, पाऊस अजून यायचा होता. पैसे मोजून दिले, कारकुनांनी पावती फाडली, पेन माझ्यापुढं केलं. मागं रांग होती. मी चष्मा काढला, पुसला, पावती वाचली. रक्कम बरोबर, अपील क्रमांक बरोबर, आडनावात एक काना जास्त. परत दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोडलं, नीट लिहिलं, बाजूला आद्याक्षरी केली. मग मी सही केली.

बुधवार बाजारात मी अजून गेलेलो नाही. सांबार बायको आणते.